मंत्र म्हणता, तर अर्थही सांगा

माननीय संपादक,

तुमच्या पेपरात 'यशाचा मंत्र', 'फिटनेसचा मंत्र' असे मथळे सारखे असतात, त्याबद्दल तक्रार नाही, बोलण्यात असे शब्द येतातच. पण खरे मंत्र आपण रोज म्हणतो, रिंगटोनला लावतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करतो आणि त्यात नेमकं काय मागितलंय असं पोरांनी विचारलं की घरातली मोठी माणसंसुद्धा गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं.

महामृत्युंजय मंत्रच घ्या. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला. कुणी आजारी पडलं की जप सुरू होतो, पण त्यात काकडी आहे हे किती जणांना माहितीय? उर्वारुक म्हणजे काकडी, ती पिकली की देठापासून जशी सुटते तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतापासून मात्र तोडू नकोस, असं मागणं आहे ते. शेवटचं 'मामृतात्' म्हणजे 'मा अमृतात्', तो 'मा' नकाराचा आहे, आणि हे एकदा कळलं की आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणताना मनात वेगळंच काहीतरी होतं.

गायत्रीमंत्रात तर पैसा नाही, नोकरी नाही, फक्त सवित्याने, म्हणजे सूर्यदेवाने, आमच्या बुद्धीला प्रेरणा द्यावी एवढंच, आणि तेही 'नः', म्हणजे आम्हा सगळ्यांच्या. जैनांच्या णमोकार मंत्रात कुणा एका व्यक्तीचं नावच नाही, अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सगळे साधू यांना नमस्कार आहे, मागणं काहीच नाही.

काहीजण म्हणतात की ध्वनीतच शक्ती असते, अर्थ कशाला हवा. उच्चार महत्त्वाचा आहेच, त्याशिवाय का पदपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पाठांतराच्या पद्धतींनी पिढ्यानपिढ्या एकेक स्वर जपला गेला! पण हा वाद सुद्धा जुनाच आहे, मंत्रांना अर्थच नसतो असं कौत्स नावाच्या प्राचीन विद्वानाचं मत होतं आणि यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढलं, वर वेद पाठ करून अर्थ न जाणणारा नुसता ओझं वाहणारा खांब असं सांगणारं वचनही तिथेच दिलंय. मला यास्काचं पटतं.

म्हणून विनंती आहे की तुमच्या पुरवणीत मंत्र छापाल तेव्हा खाली पदच्छेद, म्हणजे शब्द सुटे करून, आणि साध्या मराठीत अर्थ नक्की द्या, दोन ओळी पुरतील, आणि जमलं तर सुरुवात गायत्रीपासून करा कारण तो बहुतेकांना पाठ असतो.

आपला एक नियमित वाचक