आई, अक्षरं मोठी कर पण रिझोल्यूशनला हात लावू नको

रॉटरडॅम, शनिवार रात्र

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर आई तू फोन मॉनिटरकडे फिरवलास ना, "बघ सोसायटीच्या गणपतीचे फोटो आलेत" म्हणून, तेव्हा खरं सांगते मी फोटोपेक्षा स्क्रीनच बघत बसले होते. मूर्तीच्या मागचं गोल चक्र आडवं अंड्यासारखं ताणलेलं, खालच्या पट्टीतली अक्षरं पावसात भिजलेल्या पेपरसारखी पुसट, आणि मग तू सहज बोलून गेलीस की हल्ली अर्धा तास मेंटेनन्सचा हिशेब बघितला तरी कपाळ ठणकतं, नंबर वाढला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन ये, ते टाळू नकोस, पण माझं मन सांगतंय की निम्मं दुखणं त्या स्क्रीनचं आहे, आणि फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, मध्येच कुकर झाला, मध्येच बेल वाजली, म्हणून आज बसून लिहितेय.

बाबा, तुम्ही म्हणालात आईला बारीक दिसत होतं म्हणून तुम्हीच रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरचे आडवे-उभे ठिपके, १०२४ बाय ७६८ करून दिलं. तुम्ही ते का केलंत मला बरोबर माहितेय. ठाकूरद्वारच्या खोलीत आपला तो पंधरा इंची डबा होता, त्यावर तुम्ही ८०० बाय ६०० ठेवायचात आणि अक्षरं मोठ्ठी आणि छान दिसायची, मी शाळेचा प्रोजेक्ट त्याच्यावरच टाईप केलाय. तेव्हा ती युक्ती अगदी बरोबर होती कारण त्या डब्यात काचेवर आतून किरण फिरायचा, त्याला ६०० रेघा काढ म्हटलं की ६०० काढायचा, ७६८ म्हटलं की ७६८, त्याला काही फरक पडत नव्हता. आताच्या सपाट मॉनिटरचं तसं नाही. तो न्हाणीघराच्या भिंतीसारखा आहे, टाईल्स एकदा बसवल्या त्या बसवल्या. आपल्या मॉनिटरमध्ये आडव्या १९२० आणि उभ्या १०८०, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० टाईल्स, आणि एका टाईलला एका वेळी एकच रंग देता येतो, अर्धी काळी अर्धी पांढरी करता येत नाही.

आता त्याला तुम्ही सांगितलंत की १०२४ च दाखव. मग एकेक ठिपका त्याला आडवा १.८७५ टाईल्सवर पसरावा लागतो. अपुरी टाईल कशी रंगवणार? तो मधला करडा रंग देऊन मोकळा होतो, तोच आईला धुरकट दिसतो. आणि उभं मात्र १.४ पटच ताणलं जातं, आडवं जास्त उभं कमी, म्हणून आपल्या बाप्पाचं चक्र अंडं झालं.

आणि हे आपल्या मराठीला फार जास्त लागतं, हे मला नोकरीत लागल्यावर कळलं. इंग्रजीचं अक्षर थोडं पुसट झालं तरी माणूस ओळखतो. आपल्याकडे एका ओळीत किती मजले असतात बघ, वर रफार, वेलांटी, अनुस्वार, मध्ये शिरोरेषा, खाली उकार, ऋकार. त्या कॉलमध्ये मी तुझ्या स्क्रीनवरचं "महाराष्ट्र" बघितलं, त्यातला ष्ट्र म्हणजे नुसता काळा गोळा झाला होता. तुझा मेंदू सवयीने ते वाचतो पण डोळ्याला प्रत्येक शब्दाशी झटापट करावी लागते. आणि "भाडे" आणि "भांडे" यांच्यात एका ठिपक्याचाच फरक आहे, तो ठिपका करड्यात विरघळला तर हिशेबाच्या कागदात काय वाचशील?

तर बाबा, आधी एवढं करा. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राईट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे रिझोल्यूशनमध्ये १९२० बाय १०८० असेल आणि त्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलेलं असेल, तेच निवडा. क्षणभर स्क्रीन काळी होईल, घाबरू नका, मग तो विचारेल हे ठेवायचं का, तर कीप चेंजेस दाबा. काहीच दाबलं नाहीत तर थोड्या वेळाने तो आपोआप जुन्यावर जातो, म्हणजे बिघडायची भीतीच नाही. लगेच आई ओरडेल की सगळं मुंगीएवढं झालं, तिला म्हणावं थांब. त्याच पानावर स्केल म्हणून आहे, तिथे १०० टक्के असेल, ते १२५ करा, तरी बारीक वाटलं तर १५०. आपल्या साडेएकवीस इंची मॉनिटरला माझ्या मते १२५ पुरेल, पण आईच्या डोळ्याला विचारा, माझ्या मताला नको.

हे वेगळं कसं, तर फॉन्ट म्हणजे चित्र नसतं, अक्षराच्या वळणांचं मोजमाप असतं. स्केल वाढवलं की कॉम्प्युटर तेच वळण नव्याने, मोठं, त्या सगळ्या टाईल्स वापरून काढतो, म्हणून कडा धारदार राहते. रिझोल्यूशन कमी केलं की आधी बारीक काढलेलं चित्र भिंगाखाली धरल्यासारखं होतं.

एवढं करूनही धूसर राहिलं तर मागची केबल बघा. निळ्या तोंडाची, दोन स्क्रू असलेली पंधरा पिनांची असेल तर ती व्हीजीए, जुन्या पद्धतीचा सिग्नल नेते, त्याच्यात अक्षराला सावली येते. मॉनिटरवर ऑटो अ‍ॅडजस्टचं बटण असतं ते आधी दाबून बघा. सीपीयूला आणि मॉनिटरला दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर ती केबल आणा, लॅमिंग्टन रोडला जायचीही गरज नाही, मुलुंडला स्टेशनजवळ मिळेल. आणि काका म्हणतात तसा सत्तावीस इंची मॉनिटर आणायची घाई नको, कारण स्वस्तातल्या सत्तावीसमध्येही टाईल्स त्याच १९२० बाय १०८०, फक्त टाईल मोठी. आत्ता एका इंचात १०२ ठिपके आहेत, त्यात ८२ होतील, अक्षर मोठं दिसेल पण खरबरीत. घ्यायचाच तर चोवीस घ्या, नाहीतर सत्तावीसला २५६० बाय १४४० बघून घ्या आणि आपल्या जुन्या सीपीयूला तो झेपतो का हे दुकानातच विचारा.

आता बाबा तुमच्या मानेचं. तुमचा तो प्रोग्रेसिव्ह चष्मा, त्यात जवळचं वाचायचा भाग काचेत खाली असतो. मॉनिटर तुम्ही एमटीएनएलच्या जुन्या दोन डिरेक्टऱ्यांवर चढवून ठेवलाय, मग वाचायला तुम्हाला हनुवटी वर करावी लागते, कॉलवर मी बघितलंय, अख्खा वेळ मान मागे. त्या डिरेक्टऱ्या काढा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली आली पाहिजे, आणि स्क्रीन हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर. आणि टेबल गॅलरीच्या समोर नको, खिडकी बाजूला आली पाहिजे, समोरूनही नाही आणि पाठीमागूनही नाही, दुपारी तीनला त्या काचेत समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात हे तर आईच सांगते. ब्राइटनेससाठी एक पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीन ट्यूबलाईटसारखी भगभगत असेल तर कमी करा, कागदाइतकी झाली की बरोबर.

ब्राऊझरचं आता. आई अजून "निळा ई" उघड म्हणते, पण आई तो इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनेच बंद केला, आता तुझ्याकडे जो निळा-हिरवा गोल आहे तो एज. क्रोम आणि एज दिसायला वेगळे पण आतलं इंजिन, म्हणजे पान स्क्रीनवर मांडणारा भाग, एकच, ब्लिंक नावाचं, ऑपेरा आणि ब्रेव्हचंही तेच. फायरफॉक्सचं वेगळं, गेको. मला हे सांगायचं कारण असं की एखादी साईट क्रोममध्ये विस्कटली आणि कोणी म्हणालं एजमध्ये बघा, तर बहुधा तशीच विस्कटलेली दिसेल, तिथे फायरफॉक्समध्ये बघायचं. मी दिवसभर हेच काम करते, एकच पान चार ब्राऊझरमध्ये आणि लहानमोठ्या स्क्रीनवर उघडून कुठे काय तुटतं ते शोधायचं. आमच्याकडे नियम आहे की पान ४०० टक्के मोठं केलं तरी वाचायला आडवं सरकवावं लागू नये. तो तपासताना माझ्या डोळ्यासमोर नेहमी तू असतेस, चष्मा कपाळावर आणि नाक स्क्रीनला टेकवून.

माझं म्हणणं, तुमच्याकडे दोन ठेवा. बँक, लाईट बिल, रेल्वेचं तिकीट याला क्रोम किंवा एज, कारण त्या साईट बनवणारे बहुतेक त्याच्यावरच तपासतात. आणि वाचायला फायरफॉक्स. कारण त्याच्यात रीडर व्ह्यू आहे, बातमी उघडली की वर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कागदासारखं एक छोटं चिन्ह येतं, ते दाबलं की बाजूच्या जाहिराती, हलणारी चित्रं सगळं जातं आणि नुसता लेख उरतो, त्याचं अक्षर, ओळींमधलं अंतर, पानाची रुंदी, मागचा रंगसुद्धा तुला हवा तसा करता येतो. मी तुझ्यासाठी सेपिया सुचवीन, जुन्या दिवाळी अंकाच्या पानासारखा पिवळसर. ओळींमधलं अंतर जरूर वाढव, आपल्या उकाराला आणि खालच्या ओळीच्या रफाराला एकमेकांत अडकायला देऊ नकोस. हे चिन्ह प्रत्येक साईटवर येत नाही, लेख असेल तिथे येतं.

आणि एक किल्ली दोन्हीकडे सारखी. कंट्रोल दाबून प्लस, पान मोठं. कंट्रोल मायनस, लहान. कंट्रोल शून्य, होतं तसं. कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवलं तरी तेच होतं, मागे एकदा तुझी अक्षरं "आपोआप" राक्षसाएवढी झाली होती ना, ते हेच, चुकून बोट पडलं असेल. ब्राऊझर प्रत्येक साईटचं लक्षात ठेवतो, म्हणजे पेपरला १५० केलंस तर उद्याही तिथे १५०च. सरकारी साईटवर वरच्या कोपऱ्यात बऱ्याचदा अ- अ अ+ अशी तीन अक्षरं असतात तीही याचसाठी, पण मला कंट्रोल प्लस जास्त भरवशाचं वाटतं. आणि खिडकी पूर्ण स्क्रीनभर पसरून वाचू नकोस, ओळ फार लांब झाली की पुढची ओळ सापडत नाही, विंडोजची किल्ली आणि डावा बाण दाब, खिडकी अर्ध्यात बसेल.

अजून एक, साईट उघडली की "अलाऊ" विचारते ना, नोटिफिकेशनसाठी, तिथे ब्लॉक दाबायचं. नेहमी. कोपऱ्यातून ज्या लॉटरीच्या आणि व्हायरसच्या पाट्या येतात त्या त्याच अलाऊमधून आल्यात, कॉम्प्युटर खराब झालेला नाही, मी आल्यावर सगळ्या काढून टाकते. अपडेट मागितला तर मात्र नाही म्हणू नका, ब्राऊझरचा अपडेट म्हणजे कुलूप बदलणं.

लिहिता लिहिता आठवलं, बाबा, त्या डब्यावर तुम्ही मराठी पेपरची साईट उघडलीत तेव्हा सगळं "Ö" सारख्या चित्रविचित्र खुणांचं आलं होतं आणि तुम्ही त्यांचा फॉन्ट डाऊनलोड व्हायची अर्धा तास वाट बघितली होती, मोडेमचा तो आवाज, फोनचं बिल, आजी ओरडतेय. प्रत्येक साईटचा वेगळा फॉन्ट, एक टाकला की दुसरी वाचता यायची नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत, देवनागरी त्यात १९९१ पासून होती, पण आपल्या घरापर्यंत पोचायला किती वर्षं लागली. आता कुठल्याही साईटवर मराठी सरळ दिसते, आणि सगळ्यात छान म्हणजे मुक्ता नावाचा जो फॉन्ट मला फार आवडतो तो आपल्या मुंबईच्याच "एक टाईप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलाय आणि फुकट आहे. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट ठरवता येतो, डिसेंबरमध्ये आले की टाकून देते. एवढं सगळं करून आपल्या अक्षरांची वळणं कोणीतरी जपलीयेत, आणि आपल्याच घरात ती धुरकट दिसावीत हे मला बघवत नाही.

इथे साडेचारला अंधार पडतो, थंडी आहे पण ठीक चाललंय. तिळाच्या चटणीचा डबा पोचला, अर्धा संपला.

रविवारी तुमच्या दुपारी चार वाजता फोन करते. तोपर्यंत बाबांनी १९२० करून स्केल १२५ करून ठेवा, केबलचा फोटो पाठवा. आई, तू तेच गणपतीचे फोटो उघडून फोन मॉनिटरकडे धर, मला चक्र गोल झालेलं बघायचंय, आणि मग कुठलीही बातमी रीडरमध्ये उघडून पहिल्या चार ओळी चष्मा कपाळावर न चढवता मला वाचून दाखव.

तुमची,
मनू