मरुत आणि त्याला न मिळालेले इंजिन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तेजस विमानाच्या इंजिनांना होणाऱ्या विलंबाविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात एचएफ-२४ मरुत या भारतात आखलेल्या पहिल्या लढाऊ जेट विमानाची बोळवण ‘फसलेला प्रयोग’ अशा दोन शब्दांत केली आहे. मरुतविषयी अनेक वर्षे मिळेल ते वाचत आल्यामुळे हा शिक्का मला मान्य नाही, आणि त्याची कारणे मांडणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या महायुद्धातील फॉके-वुल्फ १९० या गाजलेल्या जर्मन लढाऊ विमानाचे रचनाकार कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळुरूला आले, तेव्हा हवाई दलाची मागणी ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या आणि जमिनीवर माराही करू शकणाऱ्या विमानाची होती. ज्या देशाने तोवर एकही लढाऊ जेट विमान स्वतः आखले नव्हते, त्या देशातील अभियंत्यांनी टँक यांच्या हाताखाली आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर (इंजिनाविना तरंगणारे विमान) बांधून उडवून पाहिले आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले मरुत आकाशात नेले. अवघ्या पाच वर्षांत साधलेले हे काम मला आजही थक्क करते.

अडले ते इंजिनापाशी. मरुतची आखणी ब्रिस्टल कंपनीच्या ‘ऑर्फियस बीओआर-१२’ या अधिक ताकदीच्या इंजिनासाठी झाली होती. ब्रिटनने त्यातून अंग काढून घेतल्यावर त्याच्या विकासाचा खर्च उचलण्यास आपल्या सरकारने नकार दिला. परिणामी आफ्टरबर्नर (इंजिनातून निघणाऱ्या वायूत जादा इंधन जाळून ताकद वाढवणारी यंत्रणा) नसलेली, प्रत्येकी सुमारे २,२०० किलो रेटा (विमानाला पुढे ढकलणारा जोर) देणारी दोन ‘ऑर्फियस ७०३’ इंजिने बसवावी लागली आणि सपाट उड्डाणात विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयोग झाला, पण १९६९ मध्ये तो बारगळला. जानेवारी १९७० मध्ये आफ्टरबर्नर बसवलेले मरुत उड्डाण घेताना कोसळले आणि त्यात दास यांचा मृत्यू झाला. ज्या वैमानिकाने या विमानाला पहिल्यांदा उडवले, त्याचाच अंत त्याला हवी ती ताकद मिळवून देण्याच्या खटपटीत व्हावा, ही गोष्ट वाचताना आजही मन विषण्ण होते.

आता १९७१ च्या युद्धाकडे पाहू. दहा आणि दोनशेवीस क्रमांकाच्या स्क्वाड्रन्सच्या मरुतनी राजस्थान-सिंध आघाडीवर दोन आठवड्यांत तीनशेहून अधिक उड्डाणे केली आणि सिंधमधील नया छोर परिसरात रेल्वेगाड्या, रणगाडे व दारूगोळ्याचे साठे लक्ष्य केले. वाळवंटावर अगदी खालून, भरधाव जातानाही हे विमान स्थिर राहत असे आणि चार ३० मिमी तोफा व रॉकेटे घेऊन मारा करणाऱ्या वैमानिकाला तेच सर्वांत मोलाचे होते. एका वैमानिकाने शत्रूच्या वाहनांच्या ताफ्यावर मारा केला असता उडालेले अवशेष त्याच्याच विमानाच्या मागील भागावर आदळले, धोक्याचे दिवे लागले आणि एक इंजिन बंद पडले; तरीही विमान सुखरूप परतले. एका इंजिनावर तळ गाठण्याचे असे किमान तीन प्रसंग नोंदले गेले आहेत. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही मरुत गमावली हे खरे. परंतु हवाई झुंजीत एकही पडले नाही, उलट ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर बक्षी यांनी पाकिस्तानचे सेबर हे लढाऊ विमान पाडल्याची नोंद आहे.

एकूण १४७ मरुत तयार झाली. १९८० च्या दशकात ती सेवेतून बाहेर पडू लागली, त्याच दशकाच्या अखेरीस, १९८९ मध्ये, तेजससाठी देशातच विकसित करायच्या कावेरी इंजिनाला मंजुरी मिळाली. पण तेही तेजसला लागणारी ताकद देऊ शकले नाही आणि तेजस आजही अमेरिकी इंजिनावरच उडते. लेखकाने दाखवलेली अडचण १९६१ पासूनची आहे, आणि म्हणूनच मरुतचा दाखला त्यांच्या लेखात हवाच होता, फक्त विमानाच्या माथी दोष न मारता इंजिनाच्या निर्णयाकडे बोट दाखवून. पुढील लेखांत हा तपशील यावा आणि शक्य झाल्यास मागील उल्लेखाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक