मेस्त, तुम्ही आमचं मोटरग्लायडर वाळवायला शिकवलंत

आदरणीय मेस्त,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस तुमच्यासाठी वर्षातले सगळ्यात धावपळीचे. होड्या वर ओढलेल्या, प्रत्येक मालकाला १ ऑगस्टला आपली होडी पाण्यात हवी, आणि वरून पाऊस. त्याच दिवसांत तुम्ही आमच्या विमानासाठी वेळ काढलात आणि मजुरीचा विषय निघाला की दर वेळी बोलणं दुसरीकडे वळवलंत. समोर आभार मानले तर ‘त्यात काय मोठं’ म्हणून तुम्ही मोकळे व्हाल, म्हणून हे उघड पत्र. तुम्ही शिकवलेलं काम यात तपशिलात लिहितो आहोत, कारण किनारपट्टीवर फायबरची कोणतीही वस्तू बाळगणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

इतर वाचकांसाठी थोडं आधी सांगायला हवं. मेस्त म्हणजे आमच्याकडचे फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर. टूरिंग मोटरग्लायडर म्हणजे शेजारी-शेजारी दोन माणसं बसतील असं लांब पंखांचं विमान. नाकात इंजिन असतं, त्याच्या जोरावर ते स्वतः उडतं आणि लांबचा प्रवास करतं. उंची मिळाली की इंजिन बंद करायचं, प्रोपेलरची पाती वाऱ्याला धारेवर वळवायची आणि ग्लायडरसारखं तरंगायचं. शायबे फाल्के हे लाकूड, लोखंडी नळ्या आणि कापड यांचं. ग्रोब १०९ आणि डिमोना फायबरची. आमचं सुपर डिमोना आहे. पंखांचा पसारा सोळा मीटरच्या वर, इंजिन रोटॅक्स ९१२. इंजिन बंद असताना ते एक मीटर खाली येताना सुमारे २७ मीटर पुढे जातं, म्हणजे शांत हवेत १००० मीटरवरून २७ किलोमीटर. गोव्यात त्यातले निम्मेच हिशोबात धरावेत. खाली खाजनातली मऊ शेतं, त्यांचे बांध आणि माडाच्या बागा. उतरण्यासारखी जागा दिसेपर्यंत हातात उंची शिल्लक हवी. शिवाय दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरला की किनाऱ्याजवळ वर चढणारी हवा मरते. दाबोळी नौदलाचा तळ असल्यामुळे परवानग्यांचं कामही प्रत्येक उड्डाणाआधी असतंच.

पण गोव्यात या विमानाची खरी झीज उडताना होत नाही. ती जून ते सप्टेंबर, शेडमध्ये उभं असताना होते.

तुम्ही पहिल्यांदा शेडमध्ये आलात तेव्हा विमानाकडे न बघता वरच्या ताडपत्रीकडे बघितलंत. विमान निळ्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेलं होतं, चारी बाजूंनी दोरीने आवळलेलं. तुम्ही कडेला हात घालून तळवा आतल्या बाजूने फिरवलात आणि ओला हात आमच्यापुढे धरलात. वरून एक थेंब गळत नव्हता. दिवसा चिऱ्याच्या भिंती तापतात, आतली हवा बाष्प घेते. रात्री प्लास्टिक आधी थंड होतं आणि तेच बाष्प त्याच्या आतल्या अंगाला सुटतं. ते पाणी पंखाच्या सांध्यांत, एअरब्रेकच्या (उतरताना पंखातून वर येणाऱ्या पट्ट्यांच्या) पेटीत आणि शेपटीत उतरतं. होडीला आपण झापांचं छप्पर करतो ते उंचावर, खालून वारा खेळेल असं. विमानालाही तेच हवं: सुती चादर फक्त धुळीपुरती, पंख उतरवून धार खाली करून लाकडी घोडीवर, सगळी झाकणं आणि तपासणीची भोकं उघडी, आणि शेडमध्ये आर्द्रता मोजणारा काटा. आता आम्ही प्लास्टिकच्या पडद्याची छोटी खोली करून तिच्यात ओल शोषणारं यंत्र ठेवतो आणि काटा ५० ते ५५ टक्क्यांवर राखतो. यंत्राचं पाणी नळीने बाहेर सोडावं लागतं. बादली ठेवली तर ती भरते, यंत्र आपोआप बंद पडतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एअरब्रेकच्या पेट्या आणि शेपूट यांना पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती बुजली की पाणी साठतं, आणि शेपटीतलं पाणी वजनापेक्षा तोलाला घातक. साडेपाचशे किलोच्या विमानात चार मीटर मागे एक लिटर पाणी साठलं तर गुरुत्वमध्य सुमारे सात मिलिमीटर मागे सरकतो. दोन लिटरला चौदा. नाक उचललेलं विमान वेग हरवल्यावर सावरायला कठीण जातं, त्यामुळे हा आकडा छोटा समजू नये. आणि भोकं बुजवणारी आपल्याकडची खास मंडळी म्हणजे कुंभारीण माश्या. पिटो (वेगमापकाला समोरची हवा पोचवणारी) नळी, टाकीची हवेची नळी, शेपटीची भोकं, जिथे पेन्सिल शिरेल तिथे त्या मातीचं घर बांधतात. पिटो बुजली तर वेगमापक खोटा बोलतो. टाकीची हवा बुजली तर इंजिन उड्डाणानंतर काही मिनिटांनी उपाशी मरतं. म्हणून पिटोवर लाल झालर असलेली टोपी, आणि टाकीच्या नळीला बारीक जाळी. फुंकून साफ करायचं नाही. नळी उपकरणापासून सोडवल्याशिवाय दाबाची हवा मारली तर उपकरणच फुटतं.

मग ते नाणं. पोर्तुगीज काळातल्या एस्कुदोचं तुमचं जुनं नाणं अंगठा आणि मधल्या बोटात सैल धरून तुम्ही पंखावर दर दोन बोटांवर टिचकी मारत गेलात. टण, टण, टण, आणि एका जागी ठप. जिथे आवाज मेला तिथे पेन्सिलीने ठिपका. पुन्हा आडव्या दिशेने. दहा मिनिटांत पंखावर आंब्याच्या पानाएवढा आकार उमटला: आतला थर सुटलेला. आधी ज्या सांध्यावर फायबर जाड आहे तिथला आवाज ऐकून घ्यायचा, कारण कण्याच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईच्या, वर आवाज मुळातच जड येतो आणि नवखा माणूस त्यालाच बिघाड समजतो. पंखे, पंप, रेडिओ सगळं बंद करून हे करायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थराच्या, भेगांबद्दल तुमची नजर आमच्या फार उपयोगी आली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा बहुतेक वेळा वरच्या थरापुरत्या असतात. उन्हाने आणि उंचीवरच्या थंडीने त्या पडतात. पण एका बिंदूपासून फुटलेल्या, किंवा कण्याला समांतर सरळ रेषेत धावणाऱ्या भेगेखाली काय आहे ते बघितल्याशिवाय सोडू नये. तिथला जेलकोट हाताने, घासकागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, कापडाचे धागे दिसू लागेपर्यंतच घासायचा. धागे पांढरे पडलेले दिसले तर रेझिन तुटलं आहे आणि ती सांगाड्याची दुरुस्ती आहे. इथे एक गोष्ट ठळक सांगतो: अशी दुरुस्ती विमानाच्या दुरुस्तीपुस्तिकेप्रमाणे आणि परवानाधारक अभियंत्याच्या सहीनेच होते. तुम्ही स्वतः तो हट्ट धरलात. ‘माझं काम दाखवायचं, सही त्याची’ हे तुमचेच शब्द.

त्या दुरुस्तीतही होडीच्या कामाची सवय कुठे आडवी येते हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. ते आमच्या मते सगळ्यात मोलाचं. होडीचं रेझिन पॉलिएस्टर. त्यात उत्प्रेरक एक-दोन टक्के, घाई असेल तर थोडा जास्त, ऊन असेल तर थोडा कमी, आणि हात तसा बसलेला असतो. विमानाचं इपॉक्सी हा अंदाज अजिबात सहन करत नाही. तिथे हार्डनर हा रेझिनचाच भाग होतो. आमच्या कामात वापरलेल्या एल २८५ या इपॉक्सीला वजनाने १०० भाग रेझिनला ४० भाग हार्डनर, दोन इकडे-तिकडे चालतात, अधिक नाही. हार्डनर जास्त घातला म्हणून ते लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं. वेग बदलायचा असेल तर हार्डनरची जात बदलायची. डिजिटल काटा, कागदी कप, आणि ढवळताना कपाची कड व तळ खरवडून पूर्ण तीन मिनिटं. होडीत वापरतो ती तुकड्यांची चटई इथे चालत नाही. तिचा डिंक पॉलिएस्टरमध्येच विरघळतो. विमानाला विणलेलं कापड, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेनेच. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, पण उलट बहुतेक वेळा धरतं, हा नियम लक्षात ठेवला की अर्ध्या चुका टळतात.

‘पयलीं सुकय, मागीर लाय’ (आधी सुकव, मग लाव) हे तुम्ही किती वेळा म्हणालात! त्यामागचा हिशोब आम्ही आता भिंतीवर लावला आहे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं बाष्प पाणी होऊन सुटतं ते तापमान, २५ अंशांच्या जवळ येतो. पृष्ठभाग त्याहून निदान तीन अंश गरम नसेल तर डोळ्यांना न दिसणारी ओल त्यावर बसलेली असतेच. सकाळी शेडमधला पंख हवेपेक्षाही थंड असतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी इपॉक्सी उघडायचंच नाही. त्याच २८ अंशांना आर्द्रता ६० टक्क्यांवर आणली की दवबिंदू २० च्या आसपास उतरतो आणि काम निर्धास्त होतं. ओलीत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती आधी कोमट पाण्याने आणि स्वच्छ फडक्याने पुसायची, मग घासायचं. आधी घासलं तर ती साय कागदाने आतच रगडली जाते आणि पुढचा थर वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो. शेवटी ऊब: पन्नास ते पंचावन्न अंश, सुमारे पंधरा तास, दिवे किंवा हीटर लावलेल्या थर्मोकोलच्या पेटीत, तापमापक पंखाला चिकटवून. हवेत लोंबकळणारा तापमापक फसवतो. ऊब दिली नाही तर उन्हात उभं राहिल्यावर रेझिन ढिलं पडतं. फायबरची विमानं पांढरी असतात ती याचमुळे.

इंजिन तुमचा विषय नाही असं तुम्ही म्हणता, पण पेट्रोलची ती चाचणी आम्हाला तुमच्या आउटबोर्डवाल्या गिऱ्हाइकांमुळेच मिळाली. खुणांच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी, वर ९० मिलिलिटर पेट्रोल, हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. तो २८ च्या जवळ गेला तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि पंपावर आता सहसा वीस टक्क्यांचंच मिळतं. दमट हवेत उभ्या टाकीत ते पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं, नेमकं जिथून नळी इंजिनाकडे जाते. म्हणून विमानांचं निळं पेट्रोल, एव्हगॅस १००एलएल. २०२२ पासून ते भारतात इंडियन ऑइल बनवतं. त्यात शिसं असतं, म्हणून तेल १०० ऐवजी ५० तासांना बदलायचं.

पावसाळ्यात ‘दर रविवारी पाच मिनिटं चालवून ठेवायचं’ ही चांगल्या हेतूची सवय या इंजिनाला मारते. तेल किमान १०० अंशांपर्यंत तापलं नाही तर ज्वलनाचं पाणी त्यातच राहतं. त्यापेक्षा बंद करण्याआधी तेल बदलावं, कार्बुरेटरच्या वाट्या रिकाम्या कराव्यात आणि ऑक्टोबरपर्यंत हात लावू नये. उघडताना वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारे दोन्ही तरंगे बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवायचे: एका कार्बुरेटरचे दोन मिळून सात ग्रॅमच्या वर गेले तर ते पेट्रोल पिऊन जड झालेत. कार्बुरेटर भरून वाहतो आणि इंजिन धडधडतं. रबराच्या नळ्या आणि कार्बुरेटरचे रबरी सांधे पाच वर्षांनी बदलायचेच, चांगले दिसले तरी. तेल बघण्याआधी इग्निशन बंद करून प्रोपेलर हाताने, फक्त चालण्याच्याच दिशेने, टाकीत गुडगुड आवाज येईपर्यंत फिरवायचा. उलटा फिरवला तर व्हॉल्व्हच्या यंत्रणेत हवा शिरते.

पंख पुन्हा चढवल्यावर एक माणूस बाहेर उभा राहून एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) घट्ट धरतो, दुसरा आत स्टिक हलवतो. नुसती हालचाल बघून जोडणी कळत नाही, जोर लावल्यावरच कळते. मग पिनांची कुलपं, मग सुकाणूच्या तारांवरून जुनं सुती फडकं. जिथे फडकं अडकलं तिथे तारेचा एक धागा तुटलेला असतो.

मेस्त, तुमचं ते एस्कुदोचं नाणं आमच्याकडेच राहिलंय. इंजिनाच्या वहीच्या डब्यात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे. ऑक्टोबरमध्ये पंख चढवू त्या दिवशी या, डाव्या पंखावरच्या त्या आंब्याच्या पानावर आधी तुम्हीच टिचकी मारा. जेवण आमच्याकडे, आणि मुलाला बरोबर आणा.

आपले ऋणी,
मोटरग्लायडरचे आम्ही चौघे भागीदार, गोवा