शिकवायचे राहिले ते खोट्या अनुभवाने भरून काढू नका

प्रति,
मा. संचालक,
डेटा सायन्स प्रशिक्षण विभाग,
पुणे केंद्र

विषय: अभ्यासक्रमातील न शिकवलेला भाग, दिशाभूल करणारी जाहिरात आणि बायोडेटात खोटा अनुभव लिहिण्याची सूचना याबाबत तक्रार, फी परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या पुणे केंद्रातील सहा महिन्यांच्या डेटा सायन्स अभ्यासक्रमाच्या शनिवार-रविवार बॅचची मी विद्यार्थिनी आहे. १,४०,००० रुपये फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १,६५,२०० रुपये आपल्याला मिळाले आहेत. काही रक्कम मी प्रवेशाच्या वेळी भरली, उरलेली आपणच जोडून दिलेल्या वित्तसंस्थेच्या कर्जातून आपल्या खात्यात जमा झाली. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा ईमेल आपण पाठवला आहे. तो पूर्ण झालेला नाही. केंद्रात समक्ष बोलून झाले, ईमेल पाठवून झाले. ‘प्लेसमेंट टीम तुमच्याशी संपर्क करेल’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. म्हणून हे लेखी पत्र.

मी चाकणच्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करत होते. रिजेक्शनचे आकडे, कंट्रोल चार्ट, ग्राहकाकडून परत आलेल्या भागांची कारणमीमांसा, हे माझे रोजचे काम. त्यात पुढे जायचे तर डेटा सायन्स शिकायला हवे असे मला मनापासून वाटत होते आणि अजूनही वाटते. आपल्या काउन्सेलरनी डेमो लेक्चरनंतर मला सांगितले, “मॅडम, तुमचा अनुभव हीच तुमची ताकद आहे. कारखाना आतून माहीत असलेली आणि मशीन लर्निंग येणारी माणसं कंपन्यांना मिळत नाहीत.” हे म्हणणे मला पटले, कारण ते खरेच आहे. त्या भरवशावर, घरी सगळ्यांशी बोलून, मी नोकरी सोडली. सुट्टीचे दोन दिवस क्लास आणि बाकीचे पाच दिवस घरी सराव, असे सहा महिने घालवले.

आता काय मिळाले ते सांगते.

माहितीपुस्तिकेत एसक्यूएलसाठी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेसाठी, ४० तास छापले आहेत. प्रत्यक्षात सिलेक्ट, ग्रुप बाय आणि दोन टेबलांचे साधे जॉइन एवढ्यावर विषय गुंडाळला गेला. विंडो फंक्शन्स, म्हणजे गटागटात क्रमवारी लावण्यासारख्या आज्ञा, ‘रेकॉर्डेड व्हिडिओत बघून घ्या’ असे सांगण्यात आले, आणि तो व्हिडिओ दुसऱ्याच एका अभ्यासक्रमाचा, जुना होता. ही बाब किरकोळ नाही. डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत पहिली फेरी बहुतेक वेळा एसक्यूएलचीच असते. रँक आणि डेन्स रँक यांत फरक काय, प्रत्येक विभागातला दुसऱ्या क्रमांकाचा पगार कसा काढाल, असे प्रश्न विचारतात. हे मी नंतर घरी बसून स्वतः शिकले. पण ज्याचे पैसे आपण घेतले ते मला स्वतः शिकावे लागले, हे आपण मान्य करायला हवे.

मशीन लर्निंगच्या, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवण्याच्या, भागाबद्दल मला जास्त वाईट वाटते. अंतिम प्रकल्पासाठी मी सेकॉम हा डेटा सुचवला होता. तो सेमीकंडक्टर कारखान्यातला आहे आणि सर्वांसाठी खुला आहे. १,५६७ नोंदी, प्रत्येक नोंदीत जवळपास सहाशे सेन्सरची मोजमापे, त्यातली बरीच रिकामी, आणि त्या सगळ्यांत चाचणीत नापास झालेले नग फक्त १०४. माझ्या क्षेत्राशी याहून जवळचा खुला डेटा मला माहीत नाही. त्यावर वर्गात मॉडेल चालवून दाखवले गेले, ९३ टक्के अचूकता आली आणि ‘छान आहे’ म्हणून विषय पुढे गेला. मी हात वर करून विचारले की प्रत्येक नग पास आहे असे डोळे झाकून सांगितले तरी १,५६७ पैकी १,४६३ वेळा उत्तर बरोबर येईल, म्हणजे तेच ९३ टक्के. मग या मॉडेलने एकही खराब नग पकडला का? कन्फ्यूजन मॅट्रिक्स, म्हणजे कोणत्या गटातली किती उत्तरे बरोबर आणि किती चूक याचा तक्ता, काढल्यावर दिसले की एकही नाही. कारखान्यात अशा मॉडेलवर विसंबून राहिलो तर प्रत्येक खराब भाग ग्राहकाकडे जाईल. रिकॉल (खऱ्या खराब नगांपैकी किती पकडले त्याचे प्रमाण) म्हणजे काय, कमी संख्येच्या गटाला वजन कसे द्यायचे, नग खराब ठरवण्याची मर्यादा कुठे ठेवायची, हे त्या दिवशी शिकवण्याची किती चांगली संधी होती. त्याऐवजी मला सांगण्यात आले की हा डेटा ‘बिगिनर्ससाठी अवघड’ आहे, आणि प्रकल्प सगळ्यांनी टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांच्या खुल्या डेटावरच करायचा.

शिकवणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. तो कष्टाळू होता, उशिरापर्यंत थांबून शंका सोडवायचा. पण तो आपल्याच आधीच्या बॅचमधून शिकून बाहेर पडला होता आणि उद्योगात एक दिवसही काम केलेले नव्हते, हे त्याने स्वतः प्रामाणिकपणे सांगितले. पुस्तिकेत मात्र ‘दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेले तज्ज्ञ’ असे आहे. ते तज्ज्ञ पहिल्या दोन आठवड्यांनंतर आम्हाला दिसले नाहीत. त्या मुलाला पुरेशी तयारी न देता आमच्यासमोर उभे करणे हा आमच्याइतकाच त्याच्यावरही अन्याय आहे.

अभ्यासाचे साहित्य किती जुने होते याचे एक उदाहरण देते. रिग्रेशनच्या (आकड्याचा अंदाज बांधण्याच्या) तासाला बोस्टन हाउसिंग या घरांच्या किमतींच्या डेटाची नोटबुक, म्हणजे कोडची फाइल, उघडली आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर एरर आली. कारण हा डेटा सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या १.२ आवृत्तीतून, डिसेंबर २०२२ मध्येच, काढून टाकलेला आहे. त्यावर उपाय म्हणून आम्हाला जुनी आवृत्ती इन्स्टॉल करायला लावली. डेटा का काढला, यावर एक शब्द नाही. त्या ५०६ नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वस्तीतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या प्रमाणावरून तयार केलेला आहे, आणि घरांच्या किमतीशी त्याचा संबंध गृहीत धरताना वंशभेदाची धारणा त्यात शिरली आहे. म्हणून सायकिट-लर्नच्या विकासकांनी तो वापरू नका असे जाहीरपणे सांगितले. उद्या आमच्यापैकी कोणी कर्ज मंजुरीचे किंवा नोकरभरतीचे मॉडेल करील, त्यात पिनकोडच्या आडून जात आणि वस्ती शिरू शकते. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली असती. मला ती पाच मिनिटे हवी होती. त्यासाठीही मी पैसे भरले होते.

टायटॅनिकच्या ८९१ नोंदींवरचा प्रकल्प घेऊन मी खराडीत एका मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी माझे गिटहब (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचे माझे पान) उघडले, पहिली नोटबुक बघितली आणि म्हणाल्या, “हीच नोटबुक या आठवड्यात आणखी काही उमेदवारांकडे होती. रकान्यांची नावंही तीच.” त्या उद्धटपणे बोलल्या नाहीत. पुढे त्यांनी माझ्या कारखान्यातल्या कामाबद्दल विचारले, आणि मुलाखतीचा तेवढा भाग खरोखर चांगला झाला. मी सेकॉमचा प्रकल्प केला असता तर त्यावर मी त्यांच्याशी तासभर बोलू शकले असते.

या सगळ्यानंतर आपल्या प्लेसमेंट विभागातून जो फोन आला, त्यामुळे मी हे पत्र लिहायचे ठरवले. माझ्या बायोडेटात चाकणचा अनुभव ‘नॉन-आयटी’ दिसतो म्हणून तो काढून टाकावा, आणि त्या जागी एका कंपनीत दोन वर्षे डेटा अ‍ॅनालिस्ट असल्याचे लिहावे, असे मला सांगण्यात आले. अनुभवाचे पत्र आणि पगाराच्या स्लिपा ‘अ‍ॅरेंज होतील’, त्याचे वेगळे पैसे पडतील, असेही. मी नाही म्हटल्यावर उत्तर आले, “मग मॅडम, आम्ही तुमचं प्रोफाइल पुढे पाठवू शकत नाही.” त्यानंतर मला एकाही मुलाखतीसाठी बोलावणे आले नाही. खराडीची मुलाखतसुद्धा मी स्वतः अर्ज करून मिळवली होती.

महोदय, हे आपल्याला माहीत नसेल तर आजच चौकशी करा, आणि माहीत असेल तर थांबवा. भरतीनंतर पार्श्वभूमी पडताळणी होते, पीएफच्या यूएएनवर (कर्मचाऱ्याच्या कायम खाते क्रमांकावर) कोणी कुठे किती दिवस काम केले याची नोंद दिसते. खोटा अनुभव तिथे उघडा पडतो. नोकरी जाते, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याचे उत्तर द्यावे लागते. आमच्या बॅचमध्ये नांदेड, लातूर, बार्शीहून आलेली, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहणारी मुले आहेत. आईवडिलांनी फी कशी जमवली हे ती बोलून दाखवत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी घाबरून हो म्हटले असेल तर त्याचे पुढे काय होणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

आणि माझ्यापुरते सांगायचे तर, तो अनुभव मी का पुसायचा? वॉल्टर शेवहार्ट यांनी पहिला कंट्रोल चार्ट १९२४ मध्ये काढला. उत्पादनातला नेहमीचा चढउतार कोणता आणि खरा बिघाड कोणता, हे आकड्यांवरून ओळखण्याचे ते शास्त्र आहे, आणि चाकणमध्ये मी ते रोज करत होते. याच कामाला ताकद म्हणून आपण माझ्याकडून फी घेतली. तेच काम सहा महिन्यांनी लपवायची गोष्ट कसे होते?

जाहिरातीबद्दल थोडक्यात. आपल्या फलकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ ठळक अक्षरांत आहे आणि ‘सहाय्य’ हा शब्द खाली, दुचाकीवरून जाताना दिसणार नाही इतका बारीक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यात मना आहेत, आणि महत्त्वाचा खुलासा ठळक मजकुराच्याच आकारात असावा असे म्हटले आहे. कर्जाबाबतही हेच. ‘नो कॉस्ट ईएमआय’ एवढेच मला सांगितले गेले. व्याज, शुल्क आणि रद्द करण्याची मुदत दाखवणारे मुख्य तथ्य विवरण कर्जाच्या करारापूर्वी माझ्या हातात आले नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार ते आधी मिळायला हवे होते.

माझी मागणी अशी आहे. पुस्तिकेत छापलेले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास यांचा विषयवार हिशेब मला लेखी द्यावा आणि न शिकवलेल्या भागाची फी जीएसटीसह परत करावी. हजेरीच्या नोंदी आपल्याच पोर्टलवर आहेत, त्यामुळे हा हिशेब कठीण नाही. वित्तसंस्थेला आपण पत्र देऊन परताव्याएवढी रक्कम कर्जातून वजा करून घ्यावी, म्हणजे न मिळालेल्या शिक्षणाचे हप्ते मी भरत राहणार नाही. आमच्या बॅचमधील किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांना नोकरी लागली आणि कोणत्या पदावर, हे नावे वगळून आम्हाला कळवावे. टेलिकॉलर आणि डेटा एंट्रीची पदे त्यात वेगळी दाखवावीत. डेमोच्या दिवशी काढलेला माझा फोटो आपल्या सोशल मीडियावरून काढावा. त्याखाली ‘करिअर बदलले’ असे लिहिले आहे, आणि त्यासाठी मी कधीही लेखी संमती दिलेली नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोटा अनुभव लिहिण्याची सूचना कोणी दिली याची चौकशी करून, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये, असा ईमेल सर्व चालू आणि माजी विद्यार्थ्यांना पाठवावा. पैशांच्या बाबतीत चर्चा करायला मी तयार आहे. या शेवटच्या मागणीत मात्र तडजोड करणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल दाद मागेन. बॅचमधील आणखी काही विद्यार्थी त्यात सोबत यायला तयार आहेत.

आपली विश्वासू,
शनिवार-रविवार बॅचची विद्यार्थिनी
कोथरूड, पुणे

सोबत: माहितीपुस्तिकेची प्रत, फीच्या पावत्या, कर्जाच्या हप्त्यांचे विवरण, पोर्टलवरील हजेरीच्या नोंदी, फलकाचे छायाचित्र आणि प्लेसमेंट विभागाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संभाषण.