रस्ता बंद, मेलही बंद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की निम्मे शहर मोबाइलवर पाणी किती वाढले ते बघत असते. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की उरलेलेही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि शहरात राहून शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारे घरीच अडकले. अशा वेळी ‘घरून मेल बघून घ्या’ असा ऑफिसचा निरोप येतो आणि तासाभरात संगणक विभागाचा फोन वाजू लागतो: मेल उघडत नाही. कारणे मोजकी आणि ठरलेली असतात. उपाय मात्र दरवेळी एकच, पासवर्ड बदलून देणे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो खाते लॉक होण्याच्या दुखण्यात. ऑफिसच्या संगणकावर पासवर्ड बदललेला असतो, पण मोबाइलच्या मेल अॅपमध्ये जुनाच राहिलेला असतो. ते अॅप दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचे दार ठोठावते. ठरवून दिलेल्या मर्यादेइतक्या वेळा चुकला की खाते बंद. विभाग उघडून देतो, पंधरा मिनिटांत पुन्हा बंद, आणि वर ऐकायला मिळते, ‘पासवर्ड नीट टाइप करा!’ टाइप करणाऱ्याचा यात काडीचाही दोष नसतो. आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकावा, खाते उघडून घ्यावे, मग मोबाइलमधले ते खाते काढून नव्या पासवर्डने पुन्हा जोडावे. टॅब, घरचा जुना लॅपटॉप, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेले पासवर्ड हेही बघावे. स्कॅन थेट मेलवर पाठवणारे झेरॉक्स मशीन तर हमखास विसरले जाते. त्यात कुणाचा तरी पासवर्ड भरून ठेवलाय हे कुणाच्या ध्यानात नसते. ज्यांच्याकडे विंडोजचा डोमेन सर्व्हर (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारा) आहे त्यांनी खाते उघडण्याआधी त्याच्या सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, इव्हेंट क्रमांक ४७४० शोधावा. चुकीचा पासवर्ड कोणत्या यंत्राकडून आला त्याचे नाव तिथे असते. नाव मेल सर्व्हरचेच दिसले तर पहिला संशय मोबाइलवर घ्यावा.

लॅपटॉप घरी नेणाऱ्यांची अडचण वेगळी. पासवर्ड दुसरीकडून बदलला तरी घरी, ऑफिसच्या नेटवर्कबाहेर, लॅपटॉप जुनाच पासवर्ड ओळखतो आणि व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सुरक्षित वाट, मात्र नवा मागते. नव्या पासवर्डने व्हीपीएन जोडावे, ते चालू असतानाच विंडोजचे बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करावी आणि नवा पासवर्ड टाकून उघडावी. पुढे दोन्हीकडे एकच चालतो.

आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्डची खिडकी परत परत येत असेल आणि मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ या सेवेवर असेल, तर आधी आउटलुक किती सालचे ते बघा. नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली. आउटलुक २०१० ला नवी पद्धत येतच नाही. तिथे पासवर्ड शंभरदा बदलून दिला तरी काही होणार नाही. ब्राउझरमधून मेल बघा, नाहीतर आउटलुक बदला.

पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या कोडचे म्हणाल तर एसएमएसवर विसंबू नये. पुरात वीज जाते, मागोमाग मोबाइलचे टॉवर जातात, एसएमएस येत नाही. ऑथेंटिकेटर अॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. शेजाऱ्याच्या वायफायवरून लॅपटॉप जोडला तरी काम होते. फोनचे घड्याळ मात्र बरोबर हवे. ते एक-दोन मिनिटे पुढे-मागे असले तरी कोड चुकीचा ठरू शकतो, म्हणून तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवावी. जुना फोन विकण्याआधी नव्या फोनवर नोंदणी करून घ्यावी. गुगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देते, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून घरी ठेवावेत, मेलमध्ये साठवू नयेत. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवण्यातला तो प्रकार.

आता ऑफिसांच्या चुकांकडे येऊ. नुसत्या मेलसाठी सगळ्यांना व्हीपीएन वापरायला लावणे चुकीचे आहे. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टकडची मेल ब्राउझर आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीने (पासवर्ड आणि वर कोड) पुरेशी सुरक्षित राहते. व्हीपीएन टॅलीसाठी आणि ड्रॉइंगसाठी राखावे, नाहीतर पन्नास माणसे एका छोट्या राउटरवर लोंबकळतात आणि कुणाचेच काम होत नाही. काही ठिकाणी ‘ठरावीक आयपीवरूनच (इंटरनेटवरच्या पत्त्यावरूनच) प्रवेश’ असा नियम असतो. घरच्या इंटरनेटचा आयपी बदलत राहतो आणि मोबाइल डेटावर अनेक ग्राहक एकाच आयपीच्या आड असतात, त्यामुळे हा नियम पहिल्याच दिवशी मोडून पडतो.

त्याहून घातक म्हणजे ‘दोन दिवसांपुरते’ राउटरवर रिमोट डेस्कटॉपचे (दुरून ऑफिसचा संगणक चालवण्याच्या सोयीचे) ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, थेट उघडून देणे. पूर ओसरतो, पोर्ट उघडेच राहते. अशी दारे शोधत फिरणारी स्वयंचलित यंत्रणा इंटरनेटवर अखंड चालू असते. पोर्टचा आकडा बदलून ती फसत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर घुसण्याची ही नेहमीची वाट. रिमोट डेस्कटॉप हवाच असेल तर व्हीपीएनच्या आत ठेवा. एनीडेस्क या दुरून संगणक चालवण्याच्या अॅपवर कायमचा पासवर्ड लावून तो ग्रुपवर टाकणे हाही त्याच जातीचा उद्योग.

फाउंड्रीवाल्यांसाठी आणखी एक. मेलची मर्यादा २५ एमबी असली तरी २० एमबीचे ड्रॉइंग अडते, कारण जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीच्या पुढे सरळ लिंक पाठवावी.

तक्रार नोंदवण्याची सोय तर विनोदीच असते. पोर्टल ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणि लॉगिन त्याच मेलच्या पासवर्डने. म्हणजे ज्याचा पासवर्ड चालत नाही त्याने तक्रारच करायची नाही. विभागाचा एक फोन नंबर छापील कागदावर प्रत्येकाच्या घरी असावा. पासवर्ड बदलून मागणारा फोन आला तर तो ठेवून, ऑफिसच्या नोंदीतल्या नंबरवर उलट फोन करूनच बदलून द्यावा, मागणारा साहेब असला तरी. तक्रार करणाऱ्यानेही ‘मेल बंद, अर्जंट’ एवढ्यावर भागवू नये: किती वाजता, घरचे वायफाय की मोबाइल डेटा, स्क्रीनवर नेमके काय लिहून आले त्याचा फोटो, दुसऱ्या यंत्रावर उघडते का. पासवर्ड मात्र कुणालाच सांगू नये. चांगला देखभालवाला तो विचारतच नाही.

कुणी खात्यात घुसल्याचा संशय आला तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मेलच्या सेटिंगमध्ये बाहेर फॉरवर्ड करणारा नियम घातला आहे का ते पाहून काढावा आणि सगळ्या यंत्रांवरून साइन आउट करावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अनेक साध्या राउटरचे लॉग वीज गेली की पुसले जातात, ते दुसरीकडे साठवण्याची सोय आधीच करावी लागते.

नदी फुगण्याआधी, जूनमधल्या एखाद्या दिवशी, प्रत्येक विभागातल्या दोघांना घरून काम करायला सांगून बघा. त्याच दिवशी राउटर, सर्व्हर आणि यूपीएस कुठे ठेवलेत तेही पाहा. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात तळमजल्यावर ऑफिस असेल आणि हे सगळे टेबलाखाली असेल, तर ते वरच्या मजल्यावर हलवायला माणसे आणि टेम्पो आत्ताच सांगून ठेवा.

आपले,
ऑफिसच्या संगणकांची देखभाल करणारे काही जण,
कोल्हापूर