मनाई आदेशांच्या जोडीला मुलांना डोंगरवाटा शिकवा

महोदय,

पावसाळा सुरू झाला की पुणे आणि रायगड जिल्ह्यांतील धबधबे, धरणांचे काठ आणि घाटमाथ्यावरील अनेक ठिकाणी जाण्यास मनाई करणारे आदेश निघतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हापासून या आदेशांची धार वाढली आणि त्यात गैर काही नाही. मात्र आदेशाची मुदत संपल्यानंतर पुढच्या जूनपर्यंत जे काम व्हायला हवे, ते कोणीच अंगावर घेत नाही, याकडे मला आपल्या दैनिकातून शिक्षण विभागाचे आणि जिल्हा प्रशासनांचे लक्ष वेधायचे आहे.

मी मावळ तालुक्यातील एका शाळेत भूगोल शिकवते. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले आणि त्यात पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या की वर डोंगरात मोठा पाऊस झाला आहे असे समजावे आणि आपल्या डोक्यावर ऊन असले तरी त्याच क्षणी पात्रातून बाहेर पडून उंच जागी जावे, हे डोंगरातल्या गावांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. शहरात वाढलेल्या, चांगल्या शिकलेल्या तरुणाला ते ठाऊक नसते, कारण त्याला ते कधी कोणी सांगितलेलेच नसते. शेवाळलेल्या कातळावर पाय कसा ठेवावा, कड्यांवर आग्या मोहळ असेल तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा का टाळावा, धुक्यात वाट चुकल्यास उतार दिसेल तिकडे धावत सुटण्याऐवजी जागेवर थांबून शिट्टी का वाजवावी, या गोष्टी वर्गातल्या फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. त्या चालतानाच शिकाव्या लागतात, आणि त्या शिकण्यासाठी लागणारा डोंगर, जंगल आणि किल्ला ही सगळी सार्वजनिक जागा आपल्याकडे विपुल आहे.

आमच्या परिसरातलेच उदाहरण देते. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, पायी भाजे गावात जावे आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील लेणी पाहावीत. तेथे पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. चैत्यगृहाच्या छताखाली उभे राहिल्यावर लाकडी बांधकामाची घडण दगडात कशी उतरली, हे मुलांना न सांगताही दिसते. तेथून लोहगडवाडीमार्गे लोहगड चढावा. एकामागून एक वळणे घेत जाणारे चार दरवाजे ओलांडताना, शत्रूला सरळ धावत वर येता येऊ नये यासाठी ही रचना केली आहे, हे मुले स्वतःहून ओळखतात आणि तो शोध त्यांचा स्वतःचा असतो. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत, विंचूकाट्याची चिंचोळी माची आहे, खाली पवना धरणाचा जलाशय पसरलेला आहे आणि समोरच्या विसापूरच्या कड्यात बेसाल्टचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. दख्खनच्या पठारावरील ज्या लाव्हाथरांविषयी मी दरवर्षी खडू हातात घेऊन बोलते, ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळतात. हाच लोहगड ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, आणि तरीही त्याच्या परिसरातील कितीतरी शाळांच्या सहली दरवर्षी वॉटर पार्ककडे वळतात.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, पण ते फारसे टिकत नाही. शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. मुंबईच्या शाळांना तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हाताशी आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात कान्हेरी लेणी आहेत, शिलोंड्याची निसर्गवाट आहे. नाशिकला अंजनेरी, कोल्हापूरला पन्हाळा, नागपूरला गोरेवाडा आहे. खरी अडचण जबाबदारीची आहे. काही विपरीत घडले तर मुख्याध्यापकांना जाब द्यावा लागतो, सोबत जाणाऱ्या शिक्षकांना कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नसते, आणि म्हणून कुंपण घातलेली, तिकीट लावलेली जागा सगळ्यांना सोयीची वाटते. ही भीती मी समजू शकते. परंतु वाटेवरच्या गावातील माहितगार तरुणांना वाटाडे म्हणून रीतसर प्रशिक्षण आणि मानधन दिले, तर ती पुष्कळ कमी होईल. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथके डोंगरात अडकलेल्यांची सुटका करण्यासाठी रात्री-अपरात्री धावून जातात. त्यांचा अनुभव अपघातानंतरच उपयोगी पडावा, असे का?

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आग्रहाने मांडते. पायथ्याच्या गावात स्वच्छ, पाणी असलेले स्वच्छतागृह नसेल तर अनेक मुली दिवसभर पाणी न पिता चालतात किंवा सहलीला नावच देत नाहीत. वाहनतळ आणि प्रवेशकमानी यांच्या आधी हे काम व्हायला हवे.

शासनाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवी आणि नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एका दिवसाची पदयात्रा अनिवार्य करावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी शिक्षण, वन आणि पुरातत्त्व विभागांनी गिर्यारोहण संस्थांना सोबत घेऊन दिवाळीपूर्वी तालुकानिहाय सोप्या वाटांची आणि तेथील प्रशिक्षित वाटाड्यांची यादी शाळांकडे पाठवावी. पावसाळी मनाई आदेशही सरसकट न काढता धोक्याचा ओढा कोणता, निसरडा कडा कोणता आणि सुरक्षित पायवाट कोणती, हे त्यात स्थळवार नमूद करावे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, मावळ (जि. पुणे)