किल्ली कुणाच्या हाती द्यायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींवर आपल्या अंकात आलेला लेख वाचला. त्रुटी तांत्रिकदृष्ट्या कशी घडते हे त्यात नेमकं सांगितलंय. ती ज्यांच्या नजरेतून सुटते ती माणसं कशी काम करतात, हे मात्र राहून गेलं. व्हिडिओची सबटायटल्स जुळवणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाची मी समन्वयक आहे. आमच्यात पगारी कुणी नाही, माझंही पोट वेगळ्या नोकरीवर चालतं. म्हणून हे पत्र.

कोड लिहिणाऱ्यांची वानवा असेल असं बाहेरच्यांना वाटतं. कोड पाठवणारे पुष्कळ आहेत. तो ओळ न् ओळ वाचून, समोरचा दुखावणार नाही अशा बेतानं चूक दाखवणारे मोजकेच. एखादा विद्यार्थी उत्साहानं भलीमोठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपले बदल मूळ कोडमध्ये घ्यावेत अशी विनंती, पाठवतो. ती तशीच पडून राहते. काही आठवड्यांनी तो विचारतो, ‘काही कळवाल का?’ आणि नंतर पुन्हा फिरकत नाही. जिनं ती तपासायची, तिच्या घरी त्याच सुमारास आजारपण असतं. तिला जाब विचारणारी मी कोण? डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या मोठ्या प्रकल्पाला १९९८ पासून स्वतःची लिखित घटना आहे आणि नेता दरवर्षी मतदानानं निवडला जातो. पण त्याच घटनेत सुरुवातीलाच म्हटलंय की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कुणावरही नाही. नेतृत्व करायचं ते हे कलम मान्य करूनच. त्यात आता एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला गुळगुळीत आणि आत काहीच नसलेले बग रिपोर्ट येऊ लागलेत. ते पोकळ आहेत हे ठरवायलाही कुणाची तरी संध्याकाळ जाते.

पण मला खरी धास्ती वाटते ती दमलेल्या माणसाच्या जागी कोण येणार याची.

‘एक्सझेड युटिल्स’चं प्रकरण वाचकांना आठवत असेल. डेटा आकुंचित करणारं हे सॉफ्टवेअर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांवर असतं आणि ते सांभाळायला मुळात एकच माणूस होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला : काम संथ आहे, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आपली प्रकृती ठीक नसते आणि हे बिनपगारी काम आहे, हे त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. मदतीला ‘जिया टॅन’ नावाची एक व्यक्ती हजर होतीच, सभ्य, कामसू. पुढे तिच्या हाती अधिकार आले आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो मार्चअखेरीस उघडकीस आला.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची, किल्ली ज्याच्याकडे होती त्या सहकाऱ्यानं एका ओळीत कळवलं, ‘आता मला जमत नाही.’ आणि जागा घ्यायला तयार झालेला नवा माणूस होता सभ्य, कामसू, आणि आमच्यापैकी कुणीही कधी न भेटलेला. मी त्याला आधी तक्रारी वर्गवार लावण्याचं काम दिलं, मग तपासणीचं. रिलीजला दोघांची संमती लागेल असा नियम केला. त्यानं सरळ विचारलं, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ त्याचं वाईट वाटणं बरोबरच होतं. तो शंभर टक्के प्रामाणिक असेल. पण माझ्यापाशी ते ओळखायचं साधन नाही. उत्तर मी दिलं ते एवढंच, की हा नियम मलाही लागू आहे.

अशी व्यवस्था माणूस दमण्याआधी लावायला हवी. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी एका छोट्याशा व्याकरणबदलावरून झालेल्या वादाला कंटाळून जुलै २०१८ मध्ये तहहयात मानलं गेलेलं नेतेपद सोडलं, तेव्हा वारसही नेमला नाही. कारभार कसा चालवायचा हे समुदायाला स्वतः ठरवावं लागलं. २०१९ मध्ये पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ आलं. तिथे माणसं मुबलक होती म्हणून निभावलं. आमच्यासारख्यांकडे पाच उमेदवारही उभे राहणार नाहीत.

आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून मध्यंतरी विचारणा आली, ‘हा बग कधीपर्यंत दुरुस्त होईल? आमची मुदत जवळ आली आहे.’ अशा कंपन्यांनी देणगीपेक्षा एखाद्या अभियंत्याचा आठवड्यातला अर्धा दिवस, कामाच्या वेळेत, दुसऱ्यांचा कोड तपासायला द्यावा. वाचकांपैकी कुणाला आम्हाला मदत करायची असेल तर प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल : सूचनापुस्तिका जुनी झाली आहे, आणि विंडोजवर नवी आवृत्ती चालवून बघायला सध्या आमच्याकडे कुणीही नाही.

आपली,
एका ओपन सोर्स प्रकल्पाची समन्वयक